अठराचा टॅप

३ मार्च

मायना लिहीत नाही. सहा वर्षांनी सख्ख्या भावाला काय म्हणून हाक मारायची, ते मला ठरवता आलेलं नाही.

काल मुंगीच्या दप्तरात एक खोकं सापडलं. मी तिचं दप्तर तपासत नव्हतो, कात्री शोधत होतो. खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेला पोलादी बूश निघाला, बोटाच्या पेराएवढा, आतून-बाहेरून आटे पाडलेला. बरोबर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. ‘इंजिनाचं हेड उतरवून घे. प्लगचं भोक साडेसोळा मिलिमीटरचं कर. मग आटे पाडायला अठराचा टॅप, तो आबांच्या पेटीत खालच्या कप्प्यात आहे. टॅपला ग्रीस लाव म्हणजे चुरा त्यालाच चिकटून येईल. अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे. घाई करू नकोस.’ पत्ता नाही, सही नाही. चोरून लिहिणारा माणूस असंच लिहितो.

चौकशी केल्यावर कळलं की माझी एकुलती एक मुलगी महिनाभर दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून ते इंजिन खोलते आहे. तेच इंजिन. मी पुढे वह्या शिवतोय आणि मागे हे चाललंय. तुझ्या वहिनीला विचारलं, तर म्हणते, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” हे वाक्य ती कधी वापरते ते मला चांगलं ठाऊक आहे.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. वीज गेली होती, वह्यांची मोठी ऑर्डर अर्धी कापायची राहिली होती. जनरेटर तू दुरुस्तीला घेतलेला. दुपारी बघितलं तर स्पार्क प्लग, त्याची टोपी, सगळं जागेवर. मी दोरी ओढली. दहा मिनिटं छान चाललं, मग फडफड आवाज यायला लागला म्हणून वाकलो, तर भोकातले आटे सोडून प्लग उडाला आणि माझा डावा डोळा घेऊन गेला. संध्याकाळी तू दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणालास, “प्लग मी बसवला होता.” एवढंच. माफीसुद्धा धड मागितली नाहीस.

आता मला सांग. जगात इतकी इंजिनं असताना पोरीच्या हातून हेच का दुरुस्त करून घेतोस? त्या भोकात ड्रिल फिरलं की जुने आटे चुरा होऊन खाली पडणार. मग त्या दिवशी आत काय झालं होतं ते कुणाला दिसणार? कुठंतरी पाणी मुरतंय. माझ्या डोळ्यात धूळ फेकायची तर आता काम निम्मंच उरलंय, हे मान्य आहे.

आणखी एक. खोक्याखाली तुझ्या गावच्या तंत्रशाळेचा अर्ज होता. ‘स्थानिक पालक’ या रकान्यात मुंगीनं ‘काका’ लिहिलंय. फक्त माझी सही राहिली आहे. मुदत तीस एप्रिल. ज्या हातानं माझा डोळा घेतला त्याच हाताखाली मी पोरगी शिकायला ठेवायची?

फोन करू नकोस. फोनवर माणूस शब्द फिरवतो. लिहिलेलं राहतं.

— तुझा भाऊ, बाइंडर

&nbsp;

११ मार्च

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी ते तासभर तसंच ठेवलं. वाईट बातमी असेल असं वाटलं.

मुंगीनं मला आपणहून लिहिलं, दोन महिन्यांपूर्वी. ‘काका, जनरेटरच्या प्लगच्या भोकातले आटे गेलेत, ते घरी दुरुस्त होतात का?’ एवढाच प्रश्न होता. मी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं, ती माझी चूक. पण तू नाही म्हणाला असतास आणि मला नाही ऐकायचं नव्हतं.

बूश मी इथं कारखान्यात पाळी संपल्यावर लेथवर काढला. दोन बिघडले, तिसरा जमला. ते हेड फेकण्यासारखं नाही, दादा. भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, बूश चिकटवून फिरवायचा, आणि प्लग बूशच्या आतल्या आट्यात बसवायचा. पहिल्यापेक्षा पक्कं होतं. तुझ्याकडे पुस्तकांना भोकं पाडायचं उभं ड्रिल आहे, त्यावर हेड घट्ट बांधून हळूहळू केलं तर होईल.

पुरावा पुसण्याचं म्हणतोस. कबूल केलेल्या माणसाला पुरावा कशाला पुसायचा? मी तेव्हाच म्हणालो होतो की मी बसवला.

पोरीला काम पुरं करू दे. लवकर होईल तेवढं बरं. अर्जाचं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही.

तो उडालेला प्लग नंतर कधी सापडला का? असंच विचारतो.

वहिनीला नमस्कार.

— धाकटा

&nbsp;

१६ मार्च

‘असंच विचारतो.’

पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलतोय. असंच कुणी काही विचारत नाही. ‘असंच विचारतो, पुठ्ठा कुठला वापरता?’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाइंडरकडे गेलेला असतो. तुला त्या प्लगचं काय पडलंय? सापडला की नाही ते मी सांगणार नाही.

आणि ‘लवकर होईल तेवढं बरं’ कशासाठी? इंजिन सहा वर्षं पोत्याखाली पडलं होतं, त्याला कसली घाई? घाई तुला आहे.

हेड मी पुठ्ठ्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय. मुंगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच की कपाटाचं कुलूपही ढिलं झालंय, दुरुस्त करून हवंय का. जीभ तुझ्यावर गेली आहे.

आता सरळ उत्तरं दे. त्या दिवशी प्लग किती वाजता बसवलास? आधी बोटानं फिरवलास की एकदम पाना लावलास? आबांनी आपल्याला काय शिकवलं होतं? कुठलाही स्क्रू आधी उलटा फिरवायचा, आट्यात आटा टक् करून बसला की मगच सुलटा. तू दहा वर्षांचा असल्यापासून हे करतोयस. मग त्याच दिवशी का चुकलास? दारू तू पीत नव्हतास. निदान मला माहीत नव्हतं.

आबा शेवटची चार वर्षं तुझं नाव निघालं की तोंड फिरवायचे. “माझ्या हाताखाली शिकून भावाचा डोळा घालवला, त्याला दारात उभा करू नका,” हे त्यांचं वाक्य. बाकी सगळं विसरले, मला ओळखेनासे झाले, पण हे वाक्य पाठ होतं. ते गेल्याचं मी तुला चार दिवसांनी कळवलं, ते मुद्दाम. आज सांगून टाकतो.

— बाइंडर

&nbsp;

२४ मार्च

ती. दादास नमस्कार.

चार दिवसांचं मला तेव्हाच कळलं होतं. तारीख मी वाचू शकतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. प्लग सकाळी बसवला, आठच्या सुमारास, गावाला जायची गाडी पकडण्याआधी. पाना लावला. बोटानं फिरवला की नाही ते आठवत नाही. घाईत होतो. आटे आधीच झिजलेले होते, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. दारू तेव्हाही पीत नव्हतो, आताही नाही.

आबांचं तू लिहिलंस ते वाचलं. त्यावर मला काही लिहायचं नाही.

हेड कपाटात ठेवून काय मिळणार? त्या भोकाकडे बघत बसलास तर तुझंच डोकं फिरेल. मुंगीकडे दे ते. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागतो.

— धाकटा

&nbsp;

२९ मार्च

काका,

हे पत्र मी टपालपेटीत स्वतः टाकणार आहे, म्हणजे चोरूनच झालं, पण आता बाबांना सवय झालीय.

घरात काय चाललंय ते सांगते. बाबा रोज दुकान बंद केलं की कपाट उघडतात, हेड टेबलावर ठेवतात, आईचा हातआरसा आणि टॉर्च घेतात आणि भोकात बघत बसतात. एका डोळ्याला भिंग लावून. कालपासून त्यांनी प्लगही काढलाय. हो, प्लग आहे! आईला तो तेव्हाच कागदाच्या कपट्यांच्या ढिगात सापडला होता, आणि बाबांनी तो बटणांच्या डब्यात जपून ठेवला होता. एखाद्याचा राग जपून ठेवावा तसा. आई म्हणते, यांच्या डोक्याचेच आटे ढिले झालेत, त्यावर कुणाचा टॅप चालेल?

पण मला हसू येत नाहीये. बाबांनी तुमचं पत्र जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं, कोर्टात वाचतात तसं. तुम्ही लिहिलंय की आठ वाजता प्लग बसवला. काका, आठ वाजता मी शाळेत जायला निघाले होते आणि गाडीच्या थांब्यापर्यंत आपण दोघं बरोबर गेलो. निघताना प्लग खिडकीत होता. कान तुटलेल्या कपात, वर तुमची चिठ्ठी, ‘इंजिन चालू करू नये’. मी हात लावायला गेले तर तुम्ही म्हणालात, राहू दे, मी अठराचा टॅप घेऊन येतो, संध्याकाळी आपण दोघं करू. मी दिवसभर वर्गात त्याच विचारात होते. घरी आले तर हे सगळं झालेलं.

मग तुम्ही ‘मी बसवला’ म्हणालात. मला वाटलं, मी गेल्यावर परत येऊन बसवला असेल. बारा वर्षांची होते. मला कुणी काही विचारलं नाही आणि मोठ्या माणसांचं म्हणणं खोटं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाबांना सांगू का? तुमचं उत्तर येईपर्यंत गप्प बसते. फार दिवस नाही बसणार.

— मुंगी

&nbsp;

२ एप्रिल

सापडलं.

नीट ऐक. प्लगच्या वरच्या आट्यांत काहीतरी चमकत होतं. मला वाटलं हेडचंच ॲल्युमिनियम खरवडून आलं असेल. शिवणकामाच्या सुईनं हळू उचकटलं तर पट्टी निघाली. धातूच्या पातळ पन्नीची पट्टी, दोन वेढे दिलेली, वायसरखाली टोक दाबलेलं. भोकात आरसा धरून बघितलं तर तिथंही तिचे तुकडे आट्यांत रुतून बसलेत.

ही युक्ती कुणाची ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आटा सैल झाला की मलमाची ट्यूब कापायची, पट्टी गुंडाळायची आणि वरून आवळायचं. आबा खुर्चीच्या स्क्रूला करायचे, नळाला करायचे. तू मात्र त्यांच्याशी भांडायचास. “आबा, खुर्चीला चालेल, इंजिनाला नाही चालणार, आतला दाब ती पट्टी धरणार नाही.” याच टेबलाशी बसून म्हणाला होतास. आबा दोन दिवस जेवले नव्हते नीट.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. आटे झिजलेत हे ठाऊक होतं, पट्टी टिकणार नाही हे ठाऊक होतं, आणि गाडी चुकेल म्हणून तीच पट्टी गुंडाळून तू निघून गेलास. चूक आणि लबाडी यात फरक असतो. म्हणूनच ते भोक लवकर मोठं व्हायला हवं होतं ना तुला? म्हणूनच प्लग ‘असंच’ विचारलास? मी पहिल्याच पत्रात ओळखलं होतं.

अर्जावर मी सही करणार नाही. मुंगीला अजून सांगितलेलं नाही.

— बाइंडर

&nbsp;

८ एप्रिल

ती. दादास,

होय. पट्टी मीच गुंडाळली. घाईत होतो, संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटलं. लबाडी म्हण, काहीही म्हण. तू म्हणशील ते मला मान्य आहे.

आता विषय संपव. ती पट्टी फेकून दे, प्लगही फेकून दे, आणि भोकात ड्रिल फिरव. सही करायची नसेल तर नको करूस, पण त्याचं कारण मुंगीला माझ्यावर घालून सांग, तुझ्यावर घेऊ नकोस. आणि मुंगी लहान होती तेव्हा. तिच्या आठवणीवर जाऊ नकोस. लहान मुलांना एका दिवसाचं दुसऱ्याच दिवशी घडल्यासारखं आठवतं.

— धाकटा

&nbsp;

१३ एप्रिल

मुंगीची कसली आठवण?

मी मुंगीच्या आठवणीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. बाकी सगळं चोख होतं, आणि ते एक वाक्य माझ्या बोटाला कुसळासारखं टोचत राहिलं.

मुंगीला दुकानात बोलावलं. म्हटलं, काकाला काय लिहिलंस? तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग सांगितलं. कान तुटलेला कप, चिठ्ठी, गाडीचा थांबा, सगळं. सांगताना रडली. म्हणाली, “बाबा, तुम्ही मला कधी विचारलंच नाही.”

मग मी आबांची पेटी उघडली. खालच्या कप्प्यात अठराचा टॅप होता. दुकानदाराच्या मेणकागदात, वर तेल तसंच, धारेला एक कण लागलेला नाही. तो तू त्या दिवशी आणलेला. प्लग बसवून झाला असता तर तू पन्नास मैलांवर टॅप आणायला कशाला गेला असतास? हा एवढा साधा प्रश्न मला सहा वर्षांत पडला नाही. संशय घेण्यात मी स्वतःला फार हुशार समजतो.

पट्टी पुन्हा भिंगाखाली धरली. वायसरखाली दडलेला कोपरा जळलेला नाही. अजून हिरवट आहे. हिरवी ट्यूब घरात एकच होती. आबांच्या गुडघ्याच्या मलमाची.

मी दुकानात पुढे होतो. तुझी वहिनी बाजारात. मुंगी शाळेत. तू गाडीत. घरात मागे एकच माणूस होता.

खरं लिही. या वेळी मी तुझ्यावर रागावून विचारत नाही.

— दादा

&nbsp;

१९ एप्रिल

दादा,

हे कधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मुंगीचं पत्र आलं आणि मी घाबरलो, म्हणून ते वाक्य लिहून बसलो. खोटं बोलायची सवय नाही तर निदान कमी लिहायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी टॅप घेऊन आलो तेव्हा तुला घेऊन सगळे दवाखान्यात गेले होते. आबा मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. शेजारी कापलेली हिरवी ट्यूब, कात्री, आणि माझी चिठ्ठी चौकोनी घडी घालून चष्म्याखाली ठेवलेली. मला बघून म्हणाले, “आलास? बघ, कुणीतरी गाढवानं प्लग बसवला आणि पोराचा डोळा गेला. कुणी बसवला रे?”

ते नाटक करत नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, दादा. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यांचं विसरणं तुझ्या लक्षात यायचं होतं अजून, पण मला तीन-चार महिने दिसत होतं. दोनदा पहाटे उठून त्यांनी माझ्याकडे डबा मागितला होता, कारखान्यात जायला. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. वीज गेली, तुझी धावपळ ऐकली असेल, म्हणून मदत करायला उठले असतील. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या हातून एक आटा चुकला नाही त्यानं माझी चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि विसरला.

मी विचार केला, यांना सांगितलं तर काय होईल? मुलाचा डोळा आपल्या हातानं गेला हे त्यांना कळेल. रात्री विसरतील. सकाळी तुला पट्टी बांधलेला बघतील आणि विचारतील. पुन्हा कुणीतरी सांगेल. ते रोज नव्यानं कळत राहिलं असतं त्यांना. म्हणून मी म्हणालो, “मी बसवला.” एकदा म्हटल्यावर मागे फिरता येईना. तुला तरी खासगीत सांगावं असं वाटायचं, पण तू रागावलास की तुझ्या तोंडात काही राहत नाही, आणि ते घरात होते. मग ते गेले. मग वाटलं, आता गेलेल्या माणसाच्या नावावर कशाला लिहायचं?

तुझा संशय खरा होता. मला ते भोक पुसायचंच होतं. मुंगीनं विचारलं तेव्हा मनात पहिलं तेच आलं की ड्रिल फिरलं की आबांची पट्टी चुऱ्यात जाईल आणि कुणाला दिसणार नाही. पोरीला मी वापरलं म्हण हवं तर. तेवढी लबाडी माझी आहे.

आणि एक चूकही माझी आहे. निघताना प्लग खिशात घालून नेला असता तर काही झालं नसतं. आदल्या दिवशीच पट्टीवरून आमचं पुन्हा वाजलं होतं. प्लग घेऊन गेलो तर त्यांना वाटेल, पोरगा माझ्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून कपात ठेवून गेलो. तुझा डोळा त्या कपापायी गेला, दादा. त्याची माफी मी तेव्हा मागायला हवी होती. आज मागतो.

वहिनीला सांगू नकोस. आबांना कुणी काही बोललेलं मला चालणार नाही.

— धाकटा

&nbsp;

२४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वहिनीला सांगितलं. तू काहीही म्हण, तुझ्या नावावर सहा वर्षं जे लिहिलं गेलं ते याच घरात लिहिलं गेलं, ते इथंच खोडायला हवं होतं. मला वाटलं, आता ती म्हणणार, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” पण तसं म्हणाली नाही. ताटावरून उठली, हात धुतले, आणि तुझी खोली झाडायला घेतली. कागदाचे गठ्ठे मी तिथं रचले होते, ते सगळे माझ्या अंगावर आणून टाकले. आबांना कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. मुंगी फक्त म्हणाली, “आजोबांनी पट्टी मात्र सरळ कापलीय.” खरंच सरळ कापलीय.

मला स्वतःची लाज वाटते. आबांचं ते वाक्य मी तुला किती चवीनं लिहून पाठवलं. ते वाचून तू ‘त्यावर मला काही लिहायचं नाही’ एवढंच लिहिलंस. माझा डोळा गेला तो दहा मिनिटांत गेला. तुझी सहा वर्षं मी रोज थोडी थोडी घेतली.

अर्जावर सही केली. सोबत आहे. तो तूच तंत्रशाळेत नेऊन दे, मुदत जवळ आली. ‘स्थानिक पालक’ या रकान्यात ‘काका’ होतं, तिथं मी तुझं पूर्ण नाव लिहिलंय.

आता कामाचं. हेड कपाटातून काढलं. पण भोकात ड्रिल फिरवलेलं नाही. आधी हात बसावा म्हणून मी ॲल्युमिनियमच्या एका जुन्या ठोकळ्यावर टॅप मारून बघितला. चार भोकं पाडली. ग्रीस लावलं, अर्धा वळसा पुढे, पाव मागे, सगळं तुझ्या चिठ्ठीप्रमाणे. टॅप मला अगदी सरळ दिसत होता. काटकोन बघायचा गुण्या लावला तर चारही भोकं तिरकी निघाली, आणि चारही डावीकडे. त्या बाजूचं मला दिसत नाही. वह्या कापतानाही असंच होतं, ते मी कुणाला सांगत नाही.

मुंगीला टॅप फिरवता येतो, पण तिला धरून शिकवणारा हवा. मला उजवीकडून बघता येतं, डावीकडून कुणीतरी उभं राहायला हवं. आबांची पट्टी त्या भोकात अजून आहे. ती तुझ्यासमोरच निघू दे.

प्रवेश झाला की मुंगीला न्यायला तू येणारच आहेस. दोन दिवस आधी ये. तू डाव्या बाजूला उभा राहीपर्यंत मी त्या हेडला हात लावणार नाही.

— दादा